ओटीवरची मालगाडी

माझ्या सासरच्या गावात तेव्हा बहुतेक बायकांनी आगगाडी डोळ्यांनी पाहिली नव्हती. नागावच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची वाडी. मुंबईला जायचं तर रेवसला जाऊन लाँच धरायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, एवढंच लोकांना ठाऊक. मी मात्र कर्जतकडची. आमच्या परड्यामागून रूळ जायचे. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारी इंजिनं आमच्या तुळशीपासून हाकेच्या अंतरावर उभी असायची, आणि वाळत घातलेल्या धुण्यावर कोळशाची काजळी बसली की माझी आई त्यांचा उद्धार करायची. त्यामुळे सासरी आल्यावर आगगाडीचा विषय निघाला की मी जरा तोऱ्यातच असे.

ह्या घरात गाडी कळणारा आणखी एकच माणूस होता, माझा धाकटा दीर. तो मुंबईत मालगाड्यांच्या यार्डात कामाला होता. दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून साखळी-आकडा जोडायचा, हे त्याचं काम. शिमग्याला आणि गणपतीला खाकी कोट घालून यायचा आणि माझ्याशी गाड्यांच्या गप्पा मारायचा. सासूबाईंना त्यातलं काही कळत नसे, पण लेक बोलतोय म्हणून ऐकत बसायच्या.

माझी मुलगी रांगत होती त्या वर्षी निरोप आला की त्याचा उजवा पाय डब्याच्या चाकाखाली गेला. इस्पितळातून तो घरी आला तेव्हा पाय घोट्याच्या वरून नव्हता आणि काखेत कुबडी होती. माणूसही निम्माच परत आला होता म्हणा ना. ओटीवर बसायचा, जेवायला हाक मारली की आत यायचा. अपघात कसा झाला ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. चूक इंजिनाच्या ड्रायव्हरची, त्यानं इशारा नसताना इंजिन हलवलं, असं चौकशीत ठरलं होतं, तेवढं पुरे होतं.

सासूबाईंना तर ते पुरून उरलं. रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की हात जोडून त्या म्हणायच्या, "माझ्या लेकाचा पाय नेलान त्या डायवराचं वाटोळं होऊ दे. त्याच्या घरात दिवा लागू नये." दिवेलागणीला वास्तू तथास्तु म्हणते अशी आमच्याकडे सगळ्यांची श्रद्धा. माझ्या अंगावर काटा यायचा. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

तो ड्रायव्हर एकदा घरी आला. उंच, सावळा, हातात केळ्यांची फणी. कोण ते कळल्यावर सासूबाई केरसुणी घेऊनच दारात उभ्या राहिल्या आणि त्याला ओटीची पायरी चढू दिली नाही. दीर आधीच माजघरात शिरून दार लावून बसला होता. ड्रायव्हर पुढच्या अंगणातून, खळ्यातूनच बोलला. साहेबांनी पाय गेलेल्या माणसासाठी रेल्वेच्या फाटकावरची नोकरी ठेवलीय, बसून काम आहे, दिवाळीपर्यंत जागा राहील, ह्याला पाठवा. सासूबाई म्हणाल्या, "एक पाय नेलास तो पुरला न्हाय काय? दुसरा न्ह्यायला आलास?"

मी त्याला कुंपणापर्यंत सोडायला गेले. माणुसकी म्हणून नव्हे, ह्या माणसाचं तोंड नीट बघावं म्हणून. मी विचारलं, "तुम्ही अजून इंजिनावरच असता?" तो म्हणाला, "नाही. मला उतरवलं. शेडमध्ये राख उपसतो." बरं झालं, असं माझ्या मनात आलं. केळी मी घेतली नाहीत.

फाटकाच्या नोकरीवर मात्र माझं लक्ष होतं. चांगला तरणाताठा माणूस जन्मभर ओटीवर बसून भिंतीशी बोलणार की उठून कामाला जाणार, हे त्या एका जागेवर ठरणार होतं. सासूबाई म्हणायच्या, जायचं नाही. मी म्हणायची, जायचं. त्यावरून आमची चांगलीच जुंपायची, आणि तो मधे बसून दोघींचं ऐकायचा.

वैशाखात माझे यजमान सुटीवर आले. ते परदेशी बोटीवर खलाशी. त्यांनी मुलीसाठी एक पुठ्ठ्याचा खोका आणला होता. उघडला आणि आम्ही सगळे आ वासून बघत राहिलो. आत प्लास्टिकच्या विटा. लाल, पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, आणि वर बारीक बारीक गोल उंचवटे. एकीवर एक दाबली की कट्‌कन बसायची आणि उलटी धरली तरी पडायची नाही. घरात तोवर प्लास्टिक म्हणजे एक कंगवा आणि एक साबणाची डबी. शेजारणी बघायला आल्या. एकीनं वीट चावून पाहिली. सासूबाई म्हणाल्या, "चुना न्हाय, माती न्हाय, आन्‌ भिंत उभी ऱ्हाते." त्यांना ते भुताटकीसारखंच वाटलं. चार दिवस मुलगी मनोरे रचत बसली, मग यजमान बोटीवर गेले आणि पाऊस लागला.

पाऊस लागला की आमच्याकडे सगळं बंद. मचवे किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेले, वाडीत चिखल. एके दिवशी तांदूळ पाखडून मी सूप घेऊन ओटीवर आले आणि जागच्या जागी थिजले. दिरापुढे पाटावर एक डबा उभा होता. उघडा, कोळशाचा, बाजूला दोन झडपा असलेला. लाल-निळ्या विटांचा असला तरी मला तो क्षणात ओळखू आला. आमच्या परड्यामागून असे डबे किती गेले असतील. ज्या डब्यानं पाय नेला तोच ह्यानं घरात आणून उभा केला होता.

"भाऊजी, हे काय मांडलंत?" माझा आवाज चढलाच.

त्यानं मान वर केली. कितीतरी महिन्यांनी तो माझ्याकडे सरळ बघत होता. म्हणाला, "वयनी, रुंदी बरोबर दिसतेय का सांगा. तुम्ही पाह्यलेत ना डबे. मला वाटतंय एक वीट जास्ती झालीय."

मी सूप खाली ठेवलं आणि बघितलं. एक वीट जास्तच होती.

तिथून पुढे आषाढभर ओटीवर यार्ड वसत गेलं. त्याला खेळण्यातली गाडी नको होती. खरी हवी होती. झडपेची कडी जिथे असते तिथेच हवी. ब्रेकचा दांडा डाव्या अंगाला असतो तर डाव्याच अंगाला. तो छत्रीच्या काड्या मोडून आस करायचा, काडेपेटीच्या काड्या ओळीनं मांडून त्यावर नारळाच्या पातीचे हीर रूळ म्हणून बांधायचा. माझ्या केरसुणीचे हीर पटापट कमी व्हायला लागले. मालावर टाकायची ताडपत्री त्यानं जुन्या छत्रीच्या कापडाची केली. गार्डाच्या डब्यामागचा लाल दिवा म्हणून गुंज लावली. ती इतकी हुबेहूब दिसली की मला माहेरचं फाटक आठवलं आणि उगाचच डोळे भरून आले.

इंजिनाला मात्र मी हटकलं. विटा सगळ्या चौकोनी, आणि बॉयलर तर गोल. मी म्हटलं, "हे इंजिन नाही, हा जिना झाला." त्यानं बारीक विटा पायऱ्यांसारख्या आतआत सरकवत वर नेल्या होत्या. तो म्हणाला, "खळ्यात जाऊन बगा. डोळे जरा बारीक करा." मी पावसात पदर डोक्यावर घेऊन खळ्याच्या टोकाला गेले आणि वळून बघितलं. ओटीवर गोल पोटाचं इंजिन उभं होतं. मी हबकलेच. तशीच भिजत उभी राहिले. आतून सासूबाई ओरडल्या, "काय गो, खुळावलीस काय?"

काळ्या विटा नव्हत्या म्हणून त्यानं चिमणीची काजळी खोबरेल तेलात कालवून इंजिनाला फासली. आपल्या लाल विटा काळ्या झालेल्या बघून मुलीनं भोकाड पसरलं. तो तिला समजावत राहिला, धुतल्या की परत लाल होतील. त्याला इतकं बोलताना ऐकून मी तिला गप्प बसवायलाही गेले नाही.

मग चाकं. चाकांना तो गोल काहीतरी शोधत होता. एका दुपारी मी फडताळ उघडलं तर त्याचा खाकी कोट उघडाबोडका. पितळी बटणं सगळी कापून घेतलेली. तो कोट मी धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला होता, फाटकावर जाताना घालील म्हणून. ओटीवर आले तर बटणं डब्यांखाली लागलेली, गरगर फिरत होती. मला वाटलं, संपलं. ह्यानं नोकरीवर पाणी सोडलं. एवढी सुंदर चाकं झाली होती, आणि मला ती उचलून खाडीत भिरकवावीशी वाटली.

त्याच दिवशी त्यानं माझ्याकडे पोलक्याचे हूक मागितले. डब्यांच्या साखळीसाठी. मी रागानंच पुडी आणून आपटली. एका डब्याला हूक, दुसऱ्याला अडकवायची कडी, अशी सगळी त्यानं बसवली. पण अडकवली नाहीत. इंजिन आणि डबे नेहमी एकमेकांपासून वीतभर दूर उभे. एकदा मुलगी दोन डबे जोडायला गेली तर तो केवढ्यांदा खेकसला. पोरीवर कधी आवाज न चढवणारा माणूस. ती भेदरून माझ्या मागे लपली. त्यानंतर घरात कुणी त्या डब्यांना हात लावला नाही.

सासूबाई इतके दिवस त्या मांडणीला कारखाना समजत होत्या. तीच ती आगगाडी, असं मी सांगितलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. मग वाकून डब्याखाली बघितलं, बोट घालून चाक फिरवून पाहिलं. "ह्या चाकानं?" त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. "आन्‌ डायवर कुटं बसतो?" त्यानं इंजिनाच्या मागची छपरी दाखवली. संतापून त्या सगळं विहिरीत टाकतील असं मला वाटलं होतं, पण त्या उठून आत गेल्या. त्या दिवसापासून दिवा लावला की त्या देवाऐवजी ओटीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि त्या छपरीकडे बघून शिव्याशाप द्यायच्या. त्यांना आता माणूस समोर बसल्यासारखा दिसत होता. आणि त्या बोलायला लागल्या की दीर इंजिनाचं तोंड फिरवून छपरी भिंतीकडे करायचा. मला वाटायचं, त्यालाही ती जागा बघवत नाही.

नारळी पौर्णिमा आली. सासरे असेपर्यंत आमचा स्वतःचा मचवा होता. ते गेल्यावर विकला, पण पूजेची रीत सासूबाईंनी सोडली नव्हती. त्या दिवशी घरातली जी जी वस्तू चालते, फिरते, तिला हळदकुंकू लावायचं. माझी शिवणाची मशीनही त्यांनी पुजली होती. त्या सकाळी शेजारच्या मचव्याची पूजा करून त्या तबक घेऊन आल्या आणि थेट ओटीवर गाडीसमोर बसल्या. मी कणीक भिजवत होते, तशीच हात बरबटलेले घेऊन धावले.

"आई, हिची पूजा?"

"आमच्या घरात घडली ना? माझ्या लेकाच्या हातची हाय. चालनारी वस्तू पुजल्याबिगर हलवीत न्हाईत." असं म्हणून त्यांनी इंजिनाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळीला लावतात तसंच. मग तबकातली सुपारी पुढे ठेवली आणि डब्यांकडे बघून पुटपुटल्या, "हे असं सुटं सुटं काय ठेवलंय?" आमच्याकडे मचवा एकटा पाण्यात लोटत नसत. त्याच्या मागे छोटी होडी बांधायची, मगच नारळ फोडायचा. सासूबाईंच्या हातांना तेच ठाऊक. त्यांनी डबा सरकवून इंजिनाला टेकवला, दोन बोटं मधे घातली आणि माझ्या पोलक्याचा हूक कडीत अडकवला.

दीर विहिरीवरून येत होता. पायरीपाशी त्याची कुबडी थांबली. तो आता ओरडणार, असं मला वाटलं. तो ओरडला नाही. हळूहळू वर आला, आईसमोर बसला आणि तिचा हात धरून ठेवला.

"आये, तू गाडी उभी व्हती तवा हात घातलास," तो म्हणाला. "मी चालत्या गाडीत शिरलो."

त्यानं हूक सोडवला. डबा मागे नेला. तबकापुढची सुपारी उचलून त्यानं दोघांच्या मध्ये रुळावर ठेवली. "हा मी." मग इंजिन हळूहळू मागे आणायला लागला. "डायवर सांगत व्हता, भायेर ऱ्हा, गाडी टेकू दे. रीत तशीच हाय. गाडी टेकून उभी ऱ्हायली का मगच आत जायाचं. पन जेवनाची येळ झालेली. मीच हात करून त्याला म्हटलं, ये, ये. आन्‌ तो येतोय तवरच आत शिरलो." इंजिन डब्याला टेकलं. सुपारी चाकाखाली सापडली, आणि चाक तिच्यावरून चढताच टण्‌कन उडून ओटीखाली गेली.

माझे हात तसेच कणकेनं माखलेले.

मीच आधी भानावर आले. "मग त्यानं कबूल का केलं, माझी चूक म्हणून?"

"चूक माझी ठरली असती तर मला फाटकाची जागा भेटली नसती, म्हनून. मी सुदीवर आलो तवा त्याचा जबाब देऊन झालेला. मंग मीबी तसाच दिला." तो आईकडे बघत नव्हता. "आये, तू रोज दिवा लावून बोलतेस ना, मला बसवत न्हाय तिथं."

म्हणजे छपरी भिंतीकडे फिरवायचा ती ड्रायव्हर दिसू नये म्हणून नव्हे. आईचे शाप त्याला लागू नयेत म्हणून. ह्याच माणसाची केळी मी परत पाठवली होती. आणि तो राख उपसतो हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला लेकरं हायत?"

"हायत."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. तिन्हीसांजेचा शब्द खरा होतो यावर त्यांचा माझ्यापेक्षा, भटजीपेक्षाही जास्त विश्वास. वर्षभर त्या एका निरपराध माणसाच्या घरातला दिवा विझावा म्हणून देवाला सांगत होत्या. मी त्यांना इतक्या घाबरलेल्या कधीच पाहिल्या नव्हत्या, सासरे गेले तेव्हाही नाही.

"उद्याच्या लाँचीनं जा," त्या म्हणाल्या. "सायबाला खरं काय ते सांग."

माझं डोकंच फिरलं. "आई, खरं सांगितलं तर फाटकाची जागा जाईल. काय खातील हे जन्मभर?"

"नारळ हायत, तांदूळ हाय. पाय गेला तरी ह्यो घरात बसून जेवतोय. त्या डायवराचे हातपाय धड असून त्याला राख उपसाया बसवलाय."

माझा राग गेला नव्हता. इतके महिने त्याला जाऊ नको म्हणणारी बाई आता जा म्हणत होती, आणि जा म्हणणारी मी दारात आडवी उभी होते.

दीर म्हणाला, "मला तोंडानं सांगाया जमनार न्हाय." ते खरंच होतं. आईलाही त्यानं नुसत्या तोंडानं कुठे सांगितलं होतं, गाडी चालवून दाखवली होती. मग आम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला. इंजिन, दोन डबे, हातभर रूळ, सगळं माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून आत ठेवलं. सुपारी शोधायला सासूबाई स्वतः ओटीखाली वाकल्या. मुलीला विचारलं तर म्हणाली, "विटा परत आणायच्या." बिनबटणांचा कोट घालून तो गेला.

तो गेला तसा आम्हा दोघींचा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी सासूबाई दिवा लावायच्या आणि ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. बोलायची त्यांना भीतीच बसली होती. मग गावातला एकजण मुंबईहून निरोप घेऊन आला की तो येतोय. सासूबाई म्हणाल्या, मी बंदरावर जाते. मीही मुलीला कडेवर घेऊन निघाले.

रेवसला लाँच लागली. फळीवरून माणसं उतरत होती. कुबडी टेकत तो उतरला आणि आईला म्हणाला, "आये, फाटक गेलं." बातमी वाईट होती, पण तो ताठ उभा होता, आणि त्याच्या तोंडावरचं ते वर्षभराचं मळभ गेलं होतं. मी त्याला काही विचारणार, तेवढ्यात त्याच्यामागून बिस्किटांचा डबा दोन्ही हातांत सांभाळून धरलेला ड्रायव्हर उतरला. साहेबानं ती गाडी टेबलावर मांडून घेतली, दोनदा पुढेमागे करून पाहिली आणि ड्रायव्हरला परत इंजिनावर घेतलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त सासूबाईंकडे बघत होते.

त्या पुढे गेल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि भर बंदरावर, सगळ्यांच्या देखत, आपल्या लेकाच्या वयाच्या त्या माणसाच्या पायाशी वाकल्या.

तो दचकून मागे सरला. "अहो आई, हे काय. तुम्ही माझ्या पाया पडायचं म्हणजे माझं आयुष्य कमी होईल."

सासूबाई वाकलेल्याच होत्या. म्हणाल्या, "कमी मी आदीच केलंय रे बाबा, रोज दिवा लावून. आता माझ्यातलं घे."